मामेभाऊ सायकल आणेल, पण शॉक कोण उघडणार?

मुलुंडच्या एका मुलाचा प्रश्न आलाय, आधी तो थोडक्यात सांगतो. वय २७, उंची ५ फूट १०, तीन वर्षं हार्डटेलवर (म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर) येऊर आणि खारघरच्या डोंगरवाटा करतोय, महिन्यातून एखादा रविवार लोणावळ्याकडे. आता १४० मिलिमीटर ट्रॅव्हलची, म्हणजे चाक तेवढं दबू देणारी, फुल सस्पेन्शन घ्यायचीय, पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली. इथल्या डीलरकडे एक अल्युमिनियमची ३ लाख ४० हजारला मिळतेय आणि थेट गिऱ्हाईकाला विकणाऱ्या एका जर्मन कंपनीच्या साईटवर कार्बन फ्रेम, दोन पायऱ्या वरचा फोर्क (पुढचं सस्पेन्शन), वरचे ब्रेक असं सगळं २,६०० युरोला दिसतंय. मामेभाऊ म्युनिकला आहे, डिसेंबरात येताना घेऊन येतो म्हणतोय. आणि शेवटी लिहिलंय, "दादा, मग डीलरला फुकटचे पैसे का द्यायचे?"

दादा म्हणालास म्हणून अरेतुरे करतो, राग नको मानू.

आधी माझं सांगतो म्हणजे मी कुणाच्या बाजूने बोलतोय असं वाटायला नको. ठाण्यात माझं छोटं वर्कशॉप आहे, सायकली विकत नाही, फक्त उघडतो आणि बंद करतो. कुठल्याच ब्रँडचं कमिशन नाही. आणि गंमत म्हणजे मी स्वतः थेट कंपनीकडून मागवलेलीच सायकल चालवतो, आणि तरी तुला सांगणार आहे की तू नको घेऊस, निदान ही तरी नको. का ते सांगतो, जरा लांबेल.

तू प्रश्न किमतीचा केलायस. पण फुल सस्पेन्शन ही फ्रिजसारखी घेतली, प्लग लावला आणि विसरलो अशी वस्तू नाही. तिच्यात फोर्क आहे, मागच्या सस्पेन्शनला शॉक आहे, मागचं चाक फ्रेमला जोडणाऱ्या हलत्या दांड्यांत, म्हणजे लिंकेजमध्ये, आठ-दहा बेअरिंग आहेत आणि हे सगळं आपल्या हवेत, आपल्या पावसात चालायचंय. म्हणून मी गिऱ्हाईकाला पहिलं विचारतो ते हे की घेतल्यावर ही सायकल उघडणार कोण? तू, डीलर, की माझ्यासारखा कुणी? ते ठरलं की कुठून घ्यायची ते अर्धं ठरतंच.

तरी पैशाचा हिशोब करूनच टाकू, कारण तोच डोक्यात बसलाय. युरो सोयीसाठी १०० रुपये धरला, खरा त्याच्या वरच आहे, तर सायकल झाली २ लाख ६० हजार. कुरिअरने किंवा कार्गोने मागवलीस तर ड्युटी. २०२३ च्या बजेटात तयार सायकलींची कस्टम ड्युटी ३० वरून ३५ टक्के केली होती, तोच दर ढोबळ धर. ३५ टक्के लावले की ३ लाख ५१ हजार, त्यावर ५ टक्के जीएसटी की ३ लाख ६८ हजाराच्या पुढे. आणि ड्युटी नुसत्या सायकलच्या किमतीवर नसते, भाडं आणि विमा धरून जी किंमत होते तिच्यावर असते, म्हणजे खोक्याचं भाडंसुद्धा त्यात आलं. झाली की नाही डीलरपेक्षा महाग?

मामेभावाने विमानातून आणली तर कार्गोचं भाडं वाचतं, ड्युटी वाचत नाही. बॅगेजची सूट असते काही हजारांची आणि सायकल आहे काही लाखांची, वरच्या रकमेवर बॅगेजच्या दराने भरावेच लागतात, तो दर त्याने निघायच्या आधी कस्टमच्या साईटवर बघावा. "ग्रीन चॅनलमधून निघून येईल" असं बरेच जण सांगतात, अरे पाच फुटी खोकं आहे ते, पेढ्याचा बॉक्स नाही. सापडला तर ड्युटी प्लस दंड, आणि त्या बिचाऱ्याची सुट्टी सहारला कस्टमच्या टेबलाशी सुरू होणार. शिवाय खोक्यासकट वजन २० किलोच्या वर जातं, एअरलाइन सायकलचे वेगळे पैसे लावते, ते आधी फोन करून विचारायचं.

अजून एक. जर्मन साईटवर तिथल्या गिऱ्हाईकाला दिसणाऱ्या किमतीत १९ टक्के व्हॅट धरलेला असतो. बाहेर नेणाऱ्याला तो परत मिळतो असं कुणीतरी तुला सांगेल, खरंय, पण तो युरोपियन युनियनच्या बाहेर राहणाऱ्याला. तुझा भाऊ राहतो म्युनिकला, त्याला नाही मिळणार.

इकडे डीलरकडे एक गोष्ट नक्की विचार. सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. जुना स्टॉक असेल तर स्टिकर जुना असू शकतो, म्हणून ३ लाख ४० मध्ये नवा दर धरलाय का ते बिलावर दाखवायला सांग. लाजू नकोस, तुझेच पैसे आहेत.

म्हणजे किमतीत तुला वाटतो तेवढा फरक नाहीच. फरक आहे तो पार्टमध्ये, ते मात्र खरंय, थेट विकणाऱ्या कंपन्या, म्हणजे कॅन्यन, प्रोपेन किंवा अँडोराची कॉमेन्साल, त्याच पैशात वरचा फोर्क नि वरचे ब्रेक देतात कारण मधला दुकानदार नाही. माझी पण त्याच लोभाने घेतलेली आहे. आता त्या मधल्या माणसाच्या पैशात काय मिळतं बघू, कारण काही वेळा खूप मिळतं आणि काही वेळा घंटा काही मिळत नाही.

सायकल डीलरकडे पण खोक्यातच येते, तुझ्याकडे आली तरी खोक्यातच. हँडल, पुढचं चाक, सीटपोस्ट, पेडल लावलं की चालते. यूट्यूब बघून कुणीपण लावेल. पण मी जेव्हा नवी सायकल हातात घेतो तेव्हा लावण्यात अर्धा तासही जात नाही, जातो तो तपासण्यात. पिव्हटचे, म्हणजे लिंकेजच्या सांध्यांचे, सगळे बोल्ट टॉर्क रेंचने बघायचे, कंपनीतून एखादा सैल किंवा थ्रेडलॉक न लावलेला निघतोच. डिरेलरचा (मागचे गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा, गेजने सरळ आहे का बघायचा, प्रवासात तो हमखास वाकतो. स्पोकचं टेन्शन, हेडसेटचा (हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगचा) प्ले, ब्रेकचा कॅलिपर मधोमध आहे का, मग फोर्क आणि शॉकमध्ये तुझ्या वजनाप्रमाणे हवा भरून सॅग, म्हणजे तू बसल्यावर किती दबतं ते, लावायचा, मागे २५ ते ३० टक्के, पुढे साधारण १५ ते २०. कार्बन असेल तर सीटपोस्टला कार्बन पेस्ट आणि हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट पाचेक न्यूटन मीटरला थांबवायचे, अजून थोडं अजून थोडं करत एलन की दाबली की कडक आवाज येतो, आणि तो आवाज फार महाग असतो.

चांगला डीलर हे सगळं करून देतो, महिन्याने परत बोलवून बोल्ट पुन्हा बघतो कारण पहिल्या चार राईडमध्ये सगळं बसतं. वाईट डीलर खोकं उघडतो, चाक लावतो, फोटो काढतो, पेढा देतो. माझ्याकडे एक जण आलेला, सहा फुटी माणूस, दुकानात एम साईझ पडून होती म्हणून "सर स्टेम बदलू, बसेल तुम्हाला" म्हणत त्याच्या गळ्यात मारलेली. वर्षभर पाठ धरून चालवली बिचाऱ्याने. तेव्हा डीलर म्हणजे आपोआप सुरक्षित असं डोक्यातून काढ, डीलरचा शोरूम नको बघू, मागची वर्कशॉपची खोली बघ.

आता खरा विषय, सस्पेन्शन. गल्लीतल्या दुकानात दहा-बारा हजाराची डबल शॉकअपवाली सायकल मिळते त्यात नुसती स्प्रिंग असते, तिला काही करायचं नसतं, ती आपली कुंईकुंई करत जगते. तुझ्या सायकलमध्ये हवा, तेल, सील आणि डॅम्पर (उसळणं आवरणारा भाग) आहे. रॉकशॉक्स ही सस्पेन्शनची कंपनी त्यांच्या फोर्कची लोअरची (खालच्या नळ्यांची) सर्व्हिस ५० तासाला सांगते आणि पूर्ण सर्व्हिस २०० तासाला, दुसरी कंपनी फॉक्स १२५ तास किंवा वर्षातून एकदा. ५० तास ऐकायला खूप वाटतात. तू रविवारी तीन तास चालवतोस ना, मग दिवाळीनंतर सुरू केलंस तर होळीला ५० झाले.

लोअरची सर्व्हिस घरी होते. एलन की, रबरी हातोडा, सिरिंज, योग्य तेल, फोमच्या रिंग धुवायच्या, दोन-तीन वेळा केली की हात बसतो. शॉकची एअर कॅन (हवेचा डबा) पण घरी होते. पण शॉकचा डॅम्पर घरी होत नाही, त्यात बऱ्याच मॉडेलना नायट्रोजन भरावा लागतो, त्याची वेगळी टूल लागतात आणि ते करणारे आपल्याकडे बोटावर मोजण्याइतके. मी स्वतः डॅम्पर उघडत नाही, पुढे पाठवतो. ज्या ब्रँडचा इथे अधिकृत माणूस आहे त्याच्या शॉकला सीलचं किट मिळतं, ज्याचा नाही त्याचं किट बाहेरून येतं. आणि शॉक मापाने जुळला म्हणजे झालं असं नाही. २०१६ पासून मेट्रिक मापं आली, २१० बाय ५५, २३० बाय ६५ अशी, त्यामुळे बदली शॉक मिळणं सोपं झालं, पण आतलं ट्यून, म्हणजे डॅम्परची जुळणी, फ्रेमच्या लिंकेजप्रमाणे कंपनी करून घेते. तेच माप, तेच मॉडेल, वेगळं ट्यून, मग सायकल एकतर पलंगासारखी दबते नाहीतर दगडावर घोड्यासारखी उडवते.

बेअरिंगचं जरा बरं आहे. पिव्हटची बेअरिंग बहुतेक वेळा साध्या इंडस्ट्रियल नंबरची असतात, ६९०२, ६८०२, ६९०० वगैरे, आणि नंबर कळला की आपल्या मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला मिळतात. पण तिथे एक फसगत आहे. दुकानदार देतो ते मोटरसाठीचं, आत गोळ्यांना पिंजरा असलेलं, गरगर फिरायला बनवलेलं. पिव्हट गरगर फिरतच नाही, पाच-दहा अंश इकडे, पाच-दहा अंश तिकडे, आणि लोड मात्र सगळा तुझा. त्याला पिंजरा नसलेलं, गोळ्या गच्च भरलेलं बेअरिंग लागतं. नंबर तोच, माप तेच, आत सगळंच वेगळं. मी सुरुवातीला स्वस्तातलं टाकलं होतं, एका पावसाळ्यात खडखडायला लागलं.

आणि पावसाळा. युरोपातला चिखल वेगळा, आपला जून ते सप्टेंबर वेगळा. लाल चिखल, मुरमाची बारीक खर, चोवीस तास दमट हवा, त्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांना खारं वारं. सायकल न चालवता नुसती उभी ठेवली तरी बेअरिंग धरतं. त्यात सोसायटीचा वॉचमन सकाळी गाड्या पुसतो तो प्रेमाने आपली सायकलपण पाईपने धुतो, डायरेक्ट पिव्हटवर धार. त्याला पन्नास रुपये जास्त दे आणि सांग हात लावू नको.

माझीच गोष्ट ऐक. माझी पहिली थेट मागवलेली सायकल, कंपनीचं नाव घेत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर खालच्या लिंकचं बेअरिंग अडकलं, काढताना पिव्हटचा बोल्ट गोल झाला. बेअरिंग नागदेवीला दुसऱ्या दिवशी मिळालं. बोल्ट त्या फ्रेमचाच, दुसरा कुठला चालत नाही. मेल केला, चार दिवसांनी उत्तर, सिरियल नंबर पाठवा, पाठवला, मग भारतात आम्ही स्पेअर पाठवत नाही, युरोपातला पत्ता द्या. मित्राचा पत्ता दिला, त्याच्याकडे गेला, तो कुणाबरोबर तरी पाठवणार तर त्या माणसाचं येणं पुढे गेलं. सात-आठ आठवडे सायकल भिंतीला, ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे आपल्याकडचा सगळ्यात भारी सीझन. एका बोल्टसाठी! आणि मी धंद्यातला माणूस आहे रे, मला ओळखी आहेत.

म्हणून आता मी थेट मागवताना सायकलबरोबरच फ्रेमचा पूर्ण हार्डवेअर किट, दोन हँगर आणि बेअरिंगचा एक सेट मागवतो. हँगरचं विशेष बघ. २०१९ ला स्रॅम या पार्ट बनवणाऱ्या कंपनीने यूडीएच नावाचा एकच कॉमन हँगर काढला, तो ज्या फ्रेमला आहे तिचं टेन्शन नाही, कुठेही मिळतो. नसेल तर दोन स्पेअर खिशात असल्याशिवाय ती फ्रेम घेऊच नको. लोणावळ्याला दगडाला डिरेलर आपटला की पहिला मरतो तो हँगर, मरायलाच बनवलाय तो.

छोटीशी गोष्ट पण जीवावरची. जर्मनीतून येणाऱ्या सायकलचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. तू बाईक चालवत असशील तर तुझा हात पुढचा ब्रेक उजवीकडे शोधतो, आणि तुझ्या हार्डटेलचा कुठे आहे तेही बघ. उतारावर घाबरून चुकीचा दाबलास की हँडलवरून पुढे. बदलता येतो, पण बऱ्याच ब्रेकना होज (तेलाची नळी) काढून परत ब्लीड करावं, म्हणजे आतली हवा काढून तेल भरावं लागतं, आणि शिमानोला मिनरल ऑइल लागतं, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट फ्लुइड, एकाचं दुसऱ्यात गेलं की सील फुगून ब्रेक कामातून गेला.

वॉरंटीबद्दल फार लिहीत नाही. फ्रेमची वॉरंटी साधारण पहिल्या मालकाला असते, बिल मामेभावाच्या नावावर म्हणजे मालक मामेभाऊ. फ्रेम क्रॅक झाली तर फोटोवर मान्य करतीलही, पण ती तिकडे जाणार, नवी इकडे येणार, दोन्हीकडचं भाडं आणि ड्युटी बहुतेक तुझ्याच गळ्यात. तिकडे काही दिवसांत परत घेतात ती सोय म्युनिकमध्ये आहे, मुलुंडमध्ये नाही.

साईझचा मुद्दा मात्र तुला वाटतो तेवढा डीलरच्या बाजूचा नाही. "टेस्ट राईड घेऊन मग घ्या" हे तिकडच्या लोकांचं वाक्य आहे. मुंबईत तुझ्या साईझची, त्या मॉडेलची फुल सस्पेन्शन उभी असलेलं दुकान सापडलं तर मला कळव. ती ऑर्डरवरच येते, म्हणजे डीलरकडे पण तू तक्ता बघूनच घेणार. ५ फूट १० म्हणजे तू एम आणि एलच्या मधला. एम-एल अक्षरं सोड, एका कंपनीचा एल दुसऱ्याच्या एलपेक्षा दीड-दोन सेंटीमीटर लांब असतो. रीच बघ, म्हणजे पेडलच्या अक्षापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर, मिलिमीटरमध्ये. रविवारी येऊरच्या गेटवर चार लोक असतात, त्यातल्या कुणाची फुल सस्पेन्शन असेल तर मागून घेऊन दहा मिनिटं चालव, मॉडेल लिहून घे, घरी येऊन त्याचा रीच शोध. नाही म्हणत नाही कुणी, उलट स्वतःच्या सायकलबद्दल तासभर बोलतात. (आणि येऊरच्या आतल्या वाटा नॅशनल पार्कच्या हद्दीत आहेत, परवानगी नसेल तिथे घुसू नको, बिबट्याचं घर आहे ते, आपली राईड म्हणजे त्याला त्रास.)

मग थेट कुणी घ्यावी? ज्याला स्वतःचा रीच माहीत आहे, जो घरी लोअरची सर्व्हिस आणि ब्लीड करतो, ज्याच्याकडे टॉर्क रेंच आणि दुसरी सायकल दोन्ही आहेत, म्हणजे एक दोन महिने भिंतीला लागली तरी रविवार बुडत नाही. अशा माणसाला मी बिनधास्त हो म्हणतो, त्याला वरचा फोर्क त्याच पैशात मिळतोय तर का सोडावा. तू प्रश्नात लिहिलंयस की ट्यूबलेसचं सीलंट दुकानातून भरून आणतोस आणि हार्डटेल विकून ही घेणार. म्हणजे टूल नाहीत आणि दुसरी सायकलही नाही. तुला नावं ठेवत नाही, सगळ्यांनाच ग्रीस आवडतं असं नाही.

म्हणून तुझ्यासाठी माझं मत डीलर. पण पैसे देण्याआधी जाऊन त्याला विचार की शेवटचा मागचा शॉक कधी सर्व्हिस केला आणि कुणाकडून. गोंधळला तर समज. ह्या फ्रेमचा हँगर आत्ता दुकानात आहे का, काढून दाखव म्हण. पिव्हटच्या बोल्टचा टॉर्क कुठे लिहिलाय विचार, चांगला मेकॅनिक लगेच मॅन्युअल उघडतो किंवा फ्रेमवरच बोट ठेवतो. केबल हेडसेटमधून आत जातात का तेही बघ, दिसायला छान दिसतं पण पावसाळ्यानंतर हेडसेटचं बेअरिंग बदलायला ब्रेकचे होज सोडावे लागतात, दहा मिनिटाचं काम अर्ध्या दिवसाचं होतं, पर्याय असेल तर टाळ. आणि पहिल्या वर्षाची सर्व्हिस म्हणजे त्यात नेमकं काय, नुसतं गिअर ट्यूनिंग आणि पुसणं की फोर्कची लोअर पण, ते बिलाच्या मागे लिहून घे. किमतीत घासाघीस करण्यापेक्षा एक लोअर सर्व्हिस, दोन हँगर आणि एक शॉक पंप मागून घे, दुकानदार ते सहज देतो.

अल्युमिनियम आहे म्हणून नाक मुरडू नकोस. आपल्याकडे खाली काळा कातळ आणि सुटे दगड, अल्युमिनियमला पोचा पडतो आणि दिसतो, कार्बनला आत काय झालंय ते दिसत नाही. वजनाचा फरक एक-दीड किलोचा असेल, तेवढं आपलं पोटच असतं, तुझं नसेल, माझं आहे.

हार्डटेल मात्र लगेच विकू नको, एक पावसाळा जाऊ दे, नवी वर्कशॉपला गेली की तीच उपयोगाला येईल. डीलरकडे गेलास की हँगरचा आणि शॉकच्या मापाचा नंबर इथेच टाक, मी बघून सांगतो किट इथे मिळतं का.